मोबाइल नवा झाला

शर्टाच्या खिशात मोबाइल वाजला की आप्पा आधी खिशावर हात ठेवून म्हणायचे, "व्हय व्हय, ऐकलं." मग मोबाइल बाहेर काढायचे, हात लांब करून, मान मागं टाकून पडद्यावरचं वाचायचे आणि पुन्हा म्हणायचे, "व्हय, करतो." फोन आलेला नसायचा. पलीकडं कुणी बोलत नसायचं. मोबाइलच्या कॅलेंडरमधली एखादी आठवण वाजलेली असायची, इतकंच. पण तिला उत्तर दिल्याशिवाय आप्पा मोबाइल परत खिशात टाकायचे नाहीत.

कारखान्यात नवीन आलेला माणूस हे बघून हसायचा. आम्ही जुनी माणसं हसत नव्हतो. त्या आठवणी कुणी लिहून ठेवल्यात, हे आम्हाला माहीत होतं.

मी शिरूरची. आमचं घर जुन्या गावात, मशिदीमागच्या बोळात. आजोबांपासून घरात शिवणकाम. कारखान्याच्या नोकरीत गेलेली मी पहिली. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत वॉशिंग मशीनचे प्लास्टिकचे भाग बनवणारी एक कंपनी आहे, तिथं मी प्लॅनिंगला आहे. आप्पा तिथं मेंटेनन्सचे सुपरवायझर होते. सकाळी कंपनीची बस शिरूरहून निघाली की कारेगावच्या फाट्यावर ते चढायचे आणि माझ्या पुढच्या सीटवर बसून मागं वळून गप्पा मारायचे. त्यांचं गाव कासुर्डी, यवतच्या अलीकडं. त्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती. पाऊस सरला की कळप घेऊन सगळं बिऱ्हाड कोकणाकडं निघायचं. पुढं कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली आणि शेती आली. शेती आता धाकटा भाऊ बघायचा. आप्पा बायकोसह कारेगावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचे.

विसरभोळी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. आप्पा त्या सगळ्यांचे मुकादम शोभले असते. "मशीन सोडून मला काय बी ध्यानात ऱ्हात न्हाई," हे ते स्वतःच सांगायचे. एकदा मेहुण्याच्या मुलाच्या लग्नाला कडक इस्त्रीचे कपडे घालून पोचले, तर तिथं मांडव सोडायचं काम चाललेलं. लग्न आदल्या दिवशीच लागलं होतं. मांडववाल्यांनी त्यांना बसवून घेतलं आणि राहिलेली बुंदी पुढं ठेवली. दुसऱ्या दिवशी बसमध्ये आम्ही विचारलं, "मग आप्पा, लग्न कसं झालं?" तर म्हणाले, "बुंदी चांगली हुती." सुट्टीच्या दिवशी कामावर यायचं, गेटवर वॉचमनबरोबर चहा प्यायचा आणि परत जायचं, हे तर ठरलेलंच.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकी म्हणायचो. काकी अंगणवाडी सेविका होत्या. अंगणवाडीतल्या बायकांना आता पोरांची वजनं, उंच्या, खाऊ, सगळं मोबाइलवर भरावं लागतं. त्यामुळं काकी मोबाइलमध्ये भलत्याच तरबेज झाल्या होत्या. एक दिवस त्यांनी नवऱ्याचा मोबाइल हातात घेतला, त्यातलं कॅलेंडर उघडलं आणि नवऱ्यासाठी आठवणी भरायला लागल्या. टाइप करायचा त्यांना कंटाळा. त्या मोबाइलसमोर बोलायच्या आणि मोबाइल लिहून घ्यायचा. त्यामुळं आठवणीसुद्धा बोलल्यासारख्या. 'गोळी घेतली का? खोटं बोलू नका.' 'चष्मा खिशात बघा, टेबलावर न्हाई.' 'रागाला येऊ नका. पाणी प्या.'

मोबाइलला काकींचं बोलणं दरवेळी कळायचंच असं नाही. एका रविवारी सकाळी आप्पांच्या मोबाइलवर आठवण वाजली, 'गाडी करा.' आप्पांनी विचार केला, बायको कुठंतरी जायचं म्हणत असणार. कपडे करून फाट्यावर गेले, ओळखीचा गाडीवाला गाठला आणि मग काकींना फोन लावला, "कुठं जायचंय?" काकी अंगणवाडीच्या मीटिंगला गेलेल्या. त्या म्हणाल्या, "अवो, दाढी करा म्हणलं हुतं मी!" ही गोष्ट आप्पांनी बसमध्ये इतक्यांदा सांगितली की आम्हाला तोंडपाठ झाली. काकींनी ती चूक मुद्दामच दुरुस्त केली नाही. पुढं दर रविवारी मोबाइल 'गाडी करा' म्हणत राहिला आणि आप्पा दाढी करत राहिले.

माझ्यासाठीही एक आठवण होती. एका वर्षी ईदला काकी आमच्या घरी शीरखुर्मा प्यायला आल्या होत्या. घरी जाऊन त्यांनी ती तारीख 'दरवर्षी' म्हणून टाकून दिली: 'ताईंची ईद. फोन करा.' ईद चंद्रावर. ती दरवर्षी मागं सरकते. पण आप्पांचा फोन त्याच इंग्रजी तारखेला यायचा. ईद होऊन गेलेली असायची. "ईद मुबारक, ताई," आप्पा म्हणायचे. मीही "मुबारक, आप्पा" म्हणायचे. अम्मी तर गमतीनं त्या दिवसाला आप्पांची ईद म्हणायची.

मग काकींना पोटाचा कॅन्सर निघाला.

उपचार पुण्याला चालू होते. अधूनमधून त्यांना कारेगावला आणायचे. मी एका दुपारी भेटायला गेले, तर काकी पलंगावर कुशीवर पडलेल्या आणि आप्पांचा मोबाइल उशीवर, तोंडाशी. आवाज इतका खोल गेला होता की मोबाइलला कळत नव्हता. त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "पेटीतनं स्वेटर काढा. थंडी पडली." बाहेर तर कडक ऊन होतं. मी म्हटलं, "काकी, आत्ता कुठली थंडी?" त्या म्हणाल्या, "येईल की." आणि जरा वेळानं, "ह्यांना सांगणारं मानूस लागतं वो ताई. एकदा सांगितलं की सगळं करत्यात. पर सांगाया लागतं." आप्पा उंबऱ्याबाहेर पायरीवर बसले होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं. ते आत आले नाहीत.

काकी त्याच उन्हाळ्यात गेल्या. मोबाइल मात्र बोलत राहिला. थंडी पडली तसा स्वेटरची आठवण घेऊन आला. आंब्याच्या दिवसात म्हणाला, 'पोरीला आंबे पाठवा, कच्चे नका पाठवू.' एकुलती एक मुलगी दौंडला दिली होती, जावई रेल्वेत. आप्पा ते वाचून आंबे घेऊन दौंडला जाऊन आले.

एकदा बसमध्ये ते मागं न वळता, खिडकीकडं बघत म्हणाले, "ती गेली असं मला दिवसभर वाटत न्हाई, ताई. रातचं वाटतं. रातचं तिनं काय लिवलेलं न्हाई."

ह्यानंतर आमच्याकडं नवे प्लँट हेड आले. त्यांनी आल्या आल्या फर्मान काढलं की सगळ्या सुपरवायझरांनी आणि ऑफिसातल्या लोकांनी कंपनीचं कॅलेंडर आपापल्या मोबाइलला जोडायचं. मीटिंग ठरली की मोबाइलवर आली पाहिजे, 'मला माहीत नव्हतं' ही सबब चालणार नाही. कंपनी मोबाइल देणार नव्हती. मोबाइल आपला, कॅलेंडर त्यांचं. हे शिकवायला पुण्याच्या ऑफिसातून एक बाई आल्या. मोठ्या हौशीनं त्या म्हणाल्या, "आता तुम्हाला कुणालाच काही लक्षात ठेवायची गरज नाही!" माझ्या शेजारी बसलेले आप्पा हळूच पुटपुटले, "ते आमच्याकडं आधीपासनं हाय."

जोडताना मध्येच इंग्रजीत लांबलचक मजकूर आला. आप्पांनी मोबाइल लांब धरला, मान मागं टाकली, आणि बाईंना विचारलं, "ह्यात काय लिवलंय?"

"काही नाही हो, सगळ्यांनाच येतं ते. फॉर्मॅलिटी असते. अ‍ॅग्री करा."

आम्ही सगळ्यांनी अ‍ॅग्री केलं. पुण्याहून येणाऱ्या मॅनेजरनं केलं, मी केलं, आप्पांनीही केलं. त्या मजकुरात एक ओळ अशी होती की माणूस नोकरीतून गेला किंवा मोबाइल हरवला, तर कंपनीला त्या मोबाइलमधलं सगळं लांबूनच पुसता येईल. हे मला नंतर कळलं. तेव्हा वाचलं असतं तरी कुणी नाही म्हटलं असतं असं मला वाटत नाही. नोकरीला नाही कोण म्हणतं?

त्या दिवसापासून आप्पांच्या मोबाइलला उसंत राहिली नाही. ब्रेकडाउनचा आढावा, सेफ्टी कमिटी, ऑडिटची तयारी, मध्येच 'चष्मा खिशात बघा', पुन्हा कसला तरी कॉल. पहिल्या आठवड्यात आप्पा सगळ्यांनाच "व्हय व्हय" म्हणत होते. मग नुसताच खिशावर हात ठेवायला लागले. मग तेही थांबलं. रविवारी कासुर्डीला भावाच्या रानात गेले तरी मोबाइल मीटिंगची आठवण करून द्यायचा. ती मीटिंग सोमवारची असायची. एकदा मला विचारलं, "ताई, ऑफिसचं येगळं आन् घरचं येगळं न्हाई का करता यायचं?"

मी कॉम्प्युटर विभागात फोन करून विचारलं. ते म्हणाले, रंग वेगळे करता येतील. मग ऑफिसचं निळं आणि काकींचं हिरवं असं करून घेतलं. आप्पा जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मोबाइल उघडायचे आणि त्या निळ्या ढिगात हिरवं कुठं दिसतंय का ते बोटानं शोधत बसायचे. सापडलं की वाचायचे आणि मग जेवायचे. पुढं साहेबांनी कामाच्या वेळात सारखे आवाज नकोत म्हणून सगळ्यांना मोबाइल मुका करायला लावला. निळ्याचा आवाज बंद झाला तसा हिरव्याचाही झाला.

एकदा दुपारच्या मीटिंगमध्ये प्लँट हेड भलतेच तापले होते. एक मोठं मशीन दोन पाळ्या बंद पडलं होतं. तुटलेल्या भागाचे फोटो आप्पांच्या मोबाइलमध्ये होते, म्हणून त्यांचा मोबाइल भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला होता. साहेब उभे राहून ओरडत होते, जबाबदारी कुणाची, उत्तर कोण देणार. आप्पा खाली मान घालून उभे. इतक्यात पडद्यावर त्या तुटलेल्या लोखंडाच्या डोक्यावर हिरवी पट्टी आली: 'रागाला येऊ नका. पाणी प्या.'

खोलीभर हशा उसळला. साहेबांना मराठी वाचता येत होतं. तेही थबकले, हसले आणि खरोखरच बाटली उचलून पाणी प्यायले. मग म्हणाले, "हे कुणाचं?"

"घरचा मेसेज हाय, साहेब."

"घरी सांगा, ह्या वेळेला मीटिंग असते म्हणून."

"व्हय," आप्पा म्हणाले. "सांगतो."

आमच्यातल्या ज्यांना माहीत होतं ते सगळे एकदम गप्प झाले. साहेबांना काही कळलं नाही आणि कुणी कळूही दिलं नाही. आप्पांनी मोबाइल पडद्यापासून सोडवून घेतला. त्या दिवशी मशीनचं बोलणं पुढं फारसं झालंच नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी कंपनीनं मेंटेनन्सचं काम बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं ठरवलं. एका सकाळी आप्पांच्या कॅलेंडरमध्ये एक निळी चौकट आली. 'डिस्कशन' एवढंच लिहिलेलं, जागा एचआरची केबिन. बसमध्ये त्यांनी मला ती दाखवली. "कशाचं असंल?" मी म्हटलं, "सुट्ट्यांचं काहीतरी असेल." मला खरंच तसं वाटलं होतं.

केबिनमध्ये त्यांना समजावून सांगितलं की आता तुमची जागा राहणार नाही, हिशेब मिळेल, आजपासूनच मोकळे. आप्पांनी सही केली, गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. लॉकरमधला डबा आणि चपला पिशवीत घातल्या. हाताखालच्या पोरांचा निरोप घेत घेत ते गेटपर्यंत चालत गेले. तेवढ्या वेळात पुण्यात कुणीतरी त्यांचं खातं बंद केलं.

जेवणाच्या सुट्टीत मला गेटवरून बोलावणं आलं. आप्पा बाहेर, लोखंडी दाराच्या पलीकडं उभे होते. नोकरी गेल्याचं मला तोवर कळलं होतं. काय बोलावं ह्याची जुळवाजुळव करतच मी गेले. पण आप्पा त्याबद्दल काही बोललेच नाहीत. त्यांनी गजातून हात आत घालून मोबाइल माझ्यापुढं धरला.

"ताई, मोबाइल नवा झाला."

पडद्यावर इंग्रजीत स्वागत केलेलं होतं आणि भाषा निवडायला सांगितली होती. दुकानातून आज आणलेल्या मोबाइलवर असतं तसं.

"आपोआप बंद पडला," आप्पा म्हणाले. "म्या म्हणलं बॅटरी गेली. परत चालू झाला तर हे आसं. त्यात तिचं हाय ना, ताई? आत असंल ना कुठंतरी?"

मी तिथूनच पुण्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटर विभागाला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. त्यानं तपासून सांगितलं. अशा वेळी त्यांच्याकडं दोन पर्याय असतात म्हणे. एकात फक्त ऑफिसचं तेवढं पुसलं जातं, दुसऱ्यात अख्खा मोबाइल. घाईत दुसरा निवडला गेला असणार.

"मग परत आणा ना."

"येत नाही, मॅडम. आमच्याकडं त्याची प्रत नसते. त्यांनी बॅकअप ठेवायला हवा होता."

"त्यात त्यांच्या बायकोचं आहे हो सगळं. ती वारलीय."

तो म्हणाला, "सॉरी, मॅडम. पण जोडताना त्यांनी अ‍ॅक्सेप्ट केलेलं आहे."

आप्पा गजांना धरून माझ्या तोंडाकडं बघत होते. मी फोन ठेवला आणि म्हटलं, "आप्पा, आपण दुकानात दाखवू."

आप्पांनी तो मोबाइल शिरूरच्या बाजारपेठेतल्या दुकानांत दाखवला. दौंडला जावयानं दाखवला. पुण्याला एक माणूस गेलेलं परत काढतो असं कळलं, तिथंही गेले. फोटो पुष्कळसे परत जमले. ते मोबाइलमधून निघाले नाहीत, मुलीकडं होते, भावाकडं होते, काकींच्या अंगणवाडीतल्या मैत्रिणींकडं होते. पण आठवणी फक्त त्या एका मोबाइलमध्ये होत्या, कुठल्या खात्यात साठवलेल्या नव्हत्या. त्या कुणाला पाठवण्यासारख्या थोड्याच होत्या!

कारेगावच्या खोल्या सोडून आप्पा काही दिवस मुलीकडं दौंडला राहिले. एका रविवारी त्यांचा निरोप आला, "ताई, जरा येऊन जा. तुमास्नी मराठी टाइप येतंय. आपन परत लिवून काढू."

मी एसटीनं दौंडला गेले. रेल्वे क्वार्टरची छोटीशी खोली. आप्पांनी नवी बॅटरी घालून आणलेला तोच मोबाइल माझ्या हातात दिला आणि समोर मांडी घालून बसले, देवापुढं बसावं तसे. मी कॅलेंडर उघडलं. सगळे चौकोन पांढरे.

"घ्या," ते म्हणाले. "गोळी घ्या."

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"तसं न्हाई. 'घेतली का' असं हुतं. पुढं आनखी काय तरी हुतं." ते थांबले. "ऱ्हाऊ द्या. म्होरलं घ्या. रविवारी दाढी करा."

मी 'दाढी करा' लिहिलं.

"तिथं गाडी हाय, ताई."

मी खोडून 'गाडी करा' लिहिलं. आम्ही दोघंही हसलो. मुलगी आतून चहा करता करता हसली. मला वाटलं, जमतंय. माणूस हसला म्हणजे जमतंय, असं आपल्याला वाटतं.

मग आप्पा म्हणाले, "पोरीचा वाढदिवस. त्यात लिवलेलं हुतं, पहिला फोन तुमचा गेला पायजे."

"तारीख?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. आतली भांड्यांची खळखळ थांबली होती.

मुलगी चहाचे कप घेऊन बाहेर आली. एक कप माझ्यापुढं ठेवला, एक वडलांच्या पुढं. तारीख तिनं सांगितली नाही. आप्पांनीही विचारली नाही. त्यांनी कप बाजूला सारला.

"पुसा ते," शेवटी म्हणाले. "ते समदं पुसा, ताई. हे मीच बोलतोय. मीच बोलायचं आन् मीच ऐकायचं, ह्याला काय अर्थ हाय?"

"आप्पा, थोडं थोडं आठवेल."

"न्हाई आठवायचं. ध्यानात ऱ्हात न्हाई म्हनूनच तर तिनं लिवलं हुतं."

मी पुसलं. त्यांनी मोबाइल बंद केला आणि मुलीच्या कपाटावर, सुटकेसच्या मागं सारून दिला.

मला स्टँडवर सोडायला मुलगी आली. वाटेत म्हणाली, "ताई, लग्न झाल्यापासून माझ्या वाढदिवसाला मी उठायच्या आधी आप्पांचा फोन यायचा. आई गेली त्या वर्षीसुद्धा आला. मी सासरी सगळ्यांना सांगायचे, आमच्या आप्पांना जगातलं काही लक्षात राहत नाही, पण माझा वाढदिवस राहतो."

मी म्हटलं, "मग आता तू टाक ना कुठल्या तरी मोबाइलमध्ये. तुझ्या काकांच्या टाक. आप्पा कासुर्डीला गेले की ते सांगतील त्यांना."

"स्वतःचा वाढदिवस स्वतःच कसा टाकू?" ती म्हणाली.

आप्पा कासुर्डीला गेले. मध्यंतरी पाटसच्या साखर कारखान्यात गळीत हंगामापुरतं काम मिळतंय असं कळलं, म्हणून मी भावाच्या मोबाइलवर फोन केला. आप्पा म्हणाले, "बघू." गेले नाहीत. कामं होती, ओळखीही होत्या, पण ते कुठंच गेले नाहीत. भाऊ सांगायचा, "सांगितलं तर करतो. न्हाई सांगितलं तर बसून ऱ्हातो. जेवायला सुदिक हाक मारावी लागती." त्या वर्षी 'आप्पांची ईद' आली आणि गेली. अम्मीनं दुपारी विचारलं, "फोन नाही आला?" मी म्हटलं, "विसरले असतील."

कारखान्यात मात्र सगळं सुरळीत चालू होतं. ठेकेदाराची माणसं आली, त्यांनीही कॅलेंडर जोडलं. मी पुण्याच्या ऑफिसला एक तक्रार पाठवली होती. 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं. ज्यानं बटण दाबलं त्याला आप्पा कोण हे माहीत नव्हतं. ज्यांनी अ‍ॅग्री करा म्हणून सांगितलं त्या बाईंनाही नव्हतं. कुणाशी भांडायचं तेच कळेना. आप्पांना विचारलं असतं तर म्हणाले असते, कुणाशी नका भांडू. त्यांनी एकदासुद्धा कुणाला शिवी दिली नाही. दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

पावसाळा सरत आला होता. एका संध्याकाळी मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "आज माझा वाढदिवस होता, ताई." मी गडबडीनं शुभेच्छा दिल्या. "तसं नाही," ती म्हणाली. "आप्पांचा फोन नाही आला. मला राग नाही. मला फक्त एकदा त्यांना बघून यायचंय. तुम्ही येता का बरोबर? एकटीला नको वाटतं."

पुढच्या रविवारी मी न्हावऱ्यावरून चौफुल्याला पोचले, ती दौंडहून आली आणि आम्ही दोघी मिळून कासुर्डीला गेलो. भाऊ ओट्यावर बसला होता. "शेरडं घेऊन गेलाय कालव्याकडं," तो म्हणाला. "आता तेवढंच करतो."

कालव्याच्या भरावावर आप्पा उभे होते. हातात काठी, समोर चार-दोन शेळ्या. आम्हाला बघून चेहरा उजळला. "आज कशी काय वाट चुकली?" म्हणाले. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्या अम्मीची चौकशी केली. मग विचारलं, "आज वार कुठला?"

"रविवार, आप्पा."

"आसं व्हय."

मुलीनं वाटेत ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. मलाही तसं बजावलं होतं. ती शेळ्यांबद्दल बोलली, पाण्याबद्दल बोलली, जावयाच्या बदलीबद्दल बोलली. आणि मग एकदम, काहीच कारण नसताना, लहान पोरीच्या आवाजात म्हणाली, "आप्पा, माझा वाढदिवस होऊन गेला."

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं. "कवा?"

"मंगळवारी."

आप्पांची नजर आमच्यावरून निघून पाण्यावर गेली, पलीकडच्या उसावर गेली, परत मुलीवर आली.

"मला कुनी सांगितलं न्हाई गं," आप्पा म्हणाले. आणि पुन्हा एकदा, आम्हाला नाहीच, "मला कुनी सांगितलं न्हाई."

मुलगी तोंडाला पदर लावून उभी राहिली. तेवढ्यात शेळ्या भराव उतरून शेजारच्या उसात शिरल्या. लांबून कुणीतरी ओरडायला लागलं, "ए शेरडंवाले! शेरडं हाना!" आप्पांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ते होते तिथंच उभे राहिले. शेवटी मुलीनंच डोळे पुसले, त्यांच्या हातातली काठी काढून घेतली, साडी खोचली आणि शेळ्यांना हाका मारत ती भराव उतरून पळत गेली.